व्हायब्राफोन कुणी वाजवलाय?

मंडळी, 'हम दोनो' (१९६१) मधला लायटर आठवतोय का? देव आनंद लायटर उघडतो आणि त्यातून एक इवलीशी, काचेचे मणी घरंगळावेत तशी धून वाजते. तीच धून 'मैं जिंदगी का साथ' या गाण्यात येते. गायक रफी, गीतकार साहिर, संगीतकार जयदेव... ही नावं झोपेतून उठवलं तरी कुणीही सांगेल. पण ती धून वाजवली कुणी?

उत्तर आहे केर्सी लॉर्ड, आणि वाद्य आहे ग्लॉकेनश्पील. सिनेमाच्या पाट्यांमध्ये हे उत्तर मिळणार नाही, कारण त्या काळी पाट्यांत वादकांची नावं द्यायची पद्धतच नव्हती.

ग्लॉकेनश्पीलचा थोरला भाऊ म्हणजे व्हायब्राफोन. आजचा लेख त्याच्याबद्दल. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला, मुक्काम बजाजनगर, म्हणजे वाळूज एमआयडीसीच्या अगदी कुशीत. सोमवार ते शुक्रवार कोड लिहायचा आणि शनिवारी कानाला हेडफोन लावून जॅझमधले व्हायब्राफोनचे सोलो ऐकत ऐकत कागदावर उतरवायचे, असा उद्योग गेली काही वर्षं चालू आहे. (आईच्या मते हा उद्योग नव्हे, रिकामटेकडेपणा :) ) या छंदाचा धागा ओढत ओढत मी थेट मुंबईच्या सिनेसंगीताच्या इतिहासात जाऊन पोचलो. तोच आज सांगायचाय.

आधी वाद्याची ओळख. पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात ना, तशाच मांडणीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. एकूण ३७, म्हणजे तीन सप्तकं. वाजवायचं ते टोकाला दोरा गुंडाळलेल्या काठ्यांनी. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी, खालून बंद. नळीच्या तोंडाशी एक चकती. सगळ्या चकत्या एका दांड्यावर बसवलेल्या आणि तो दांडा मोटर फिरवते. चकती फिरली की नळीचं तोंड उघडझाप करतं आणि सूर पाण्यावर डुलल्यासारखा लहान-मोठा होतो. पायाशी पेडल. दाबलं की सूर रेंगाळतो, सोडलं की तुटतो. बस्स.

वाद्य तसं पोरसवदा आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीनं ते आणलं. १९२७ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीतल्या हेन्री श्लुटरनं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि पेडल घालून त्याला आजचं रूप दिलं.

आता इंजिनिअर म्हटल्यावर थोडं गणित आलंच. सरळसोट कापलेली पट्टी वाजवली तर मूळ सुराच्या वर जो दुसरा सूर निघतो, तो मूळ सुराच्या साधारण २.७६ पट. हे नातं कुठल्याच सप्तकात बसत नाही, म्हणून नुसती पट्टी भांड्यासारखी खणखणते. व्हायब्राफोनची पट्टी खालच्या बाजूनं मधोमध कमानीसारखी कोरतात, इतकी की दुसरा सूर नेमका चौपट व्हावा, म्हणजे बरोब्बर दोन सप्तकं वर. तो गोडवा तिथून येतो. नळीचंही तसंच. सर्वांत खालचा सूर सुमारे १७५ हर्ट्झचा. हवेतल्या ध्वनीच्या वेगाला त्याच्या चौपटीनं भागा. नळी साधारण ४९ सेंटिमीटर निघते.

बाबांची सगळी नोकरी वाळूजच्या टूलरूममध्ये गेली. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गणित राहू दे. पट्टी टांगशील कुठं? मधोमध धरलीस तर बोलणार नाही ती." मग भंगारातली एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आली, तिच्यावर स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ आलं आणि आम्ही दोघं ती फोमवर ठेवून हळूहळू ठोकत बसलो. मीठ सरकत सरकत दोन रेघांवर गोळा झालं. मोजलं तर दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांच्या आसपास. पुस्तकात आकडा २२.४ दिलाय. पट्टी हलत नाही ती जागा तीच, भोकं पाडायची ती तिथंच. बाबा म्हणाले, "बघ, तुझ्या पुस्तकाला पण कळतं." आई म्हणाली, "मिठाचा डबा जागेवर ठेवा."

असो. तर अशा या वाद्यात जॅझ शिरला १९३० मध्ये. लॉस एंजेलिसला लुई आर्मस्ट्राँगचं रेकॉर्डिंग चाललं होतं. स्टुडिओत एक व्हायब्राफोन पडून होता. हे वाजवता येईल का, असं आर्मस्ट्राँगनं आपल्या तरुण ड्रमवाल्याला विचारलं. तो ड्रमवाला म्हणजे लायोनेल हॅम्प्टन, आणि ते गाणं 'मेमरीज ऑफ यू'. पुढे १९३६ मध्ये हॅम्प्टन बेनी गुडमनच्या चौकडीत गेला. दोन गोरे आणि दोन काळे वादक एका मंचावर, हीच त्या काळच्या अमेरिकेत मोठी गोष्ट होती. हॅम्प्टन वाजवायचा तो ड्रमवाल्यासारखा, ठोक्यावर जोर देऊन, आणि मोटर जोरात फिरायची. नंतर आला डेट्रॉइटचा मिल्ट जॅक्सन (१९२३–१९९९). त्यानं मोटर बरीच मंद केली. सूर थरथरायचा थांबला आणि श्वास घेतल्यासारखा वाटायला लागला. वाद्य तेच, फरक फक्त मोटरच्या वेगाचा आणि हाताचा. ऐकणाऱ्यानं सुरुवात करायची तर इथूनच करावी असं माझं मत. एक हॅम्प्टन ऐका, लगेच एक जॅक्सन ऐका. सुरांकडे लक्ष देऊ नका, फक्त सूर विरतो कसा तेवढं ऐका.

आता उतरवून घेण्याबद्दल. २४ डिसेंबर १९५४ ला माइल्स डेव्हिसच्या नावावर एक रेकॉर्डिंग झालं, 'बॅग्ज ग्रूव्ह'. धून मिल्ट जॅक्सनची. (डोळ्यांखालच्या पिशव्यांवरून त्याला बॅग्ज म्हणायचे.) पियानोवर थेलोनियस मंक. त्या दिवशी तीच धून दोनदा वाजवली गेली आणि दोन्ही टेक बाजारात आले. माझ्यासारख्याला ही लॉटरीच! एकच माणूस, एकच दिवस, एकच धून आणि दोन वेगळे सोलो.

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन मी अडखळत वाचतो, त्यामुळे पहिला खर्डा सरळ भातखंडे पद्धतीत करतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. गंमत म्हणजे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हे जे काम केलं, तेही ट्रान्सक्रिप्शनच होतं. घराण्यांच्या गळ्यात शेकडो बंदिशी होत्या, त्या त्यांनी ऐकून कागदावर आणल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग उभे राहिले. कागदावर गाणं मावत नाही, हा आक्षेप तेव्हाही होताच.

'बॅग्ज ग्रूव्ह'मध्ये सा म्हणजे पांढरी चार. १२ बारचं एक आवर्तन, प्रत्येक बारात ४ मात्रा, एकूण ४८. ब्लूजमध्ये शुद्ध गंधाराच्या शेजारी कोमल गंधार सुखानं नांदतो. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार भेटतात, म्हणून जोग ऐकलेल्या कानाला ब्लूज अगदीच परका वाटत नाही. पण एक मोठा फरक आहे. जोगात खाली तानपुरा एकच सा धरून बसलेला असतो. इथे खालची जमीनच सरकते. पहिले चार बार ती सा वर, पाचव्या बाराला मध्यमावर, नवव्या-दहाव्यात पंचमाच्या वाटेवर, मग परत घरी. त्यामुळे तोच कोमल गंधार पहिल्या बारात टोचतो आणि पाचव्या बारात शहाण्यासारखा शांत बसतो, कारण मध्यमाला सा मानलं तर तो कोमल निषाद होतो. हे मला कान देऊन ऐकताना कधीच कळलं नव्हतं. वहीत स्वराखाली जमीन लिहायला लागल्यावर दिसलं.

लयीचीही गंमत आहे. एका मात्रेत दोन स्वर असले तरी ते अर्धे-अर्धे नसतात. मात्रेचे साधारण तीन भाग करायचे, पहिले दोन जोडायचे, तिसरा सुटा ठेवायचा. यालाच स्विंग म्हणतात. 'साधारण' म्हटलं, कारण लय वाढली की हे भाग पुन्हा सरळ व्हायला लागतात. वहीतलं जसंच्या तसं वाजवलं तर प्राथमिक शाळेतल्या कवायतीसारखं वाटतं. झुलणं वहीबाहेरचं.

जुन्या काळी लोक ३३⅓ ची रेकॉर्ड १६⅔ च्या वेगावर लावायचे. वेग निम्मा, सूर एक सप्तक खाली. आता सॉफ्टवेअर सूर तसाच ठेवून वेग कमी करतं. पण व्हायब्राफोनमध्ये दोन खास भुलभुलैय्ये आहेत. एक म्हणजे मोटरची लाट. वेग निम्मा केला की लाटसुद्धा निम्म्या वेगानं येते आणि कान तिलाच ताल समजायला लागतो. उपाय सोपा आहे: खऱ्या ठोक्याच्या आधी काठीचा हलकासा 'टक्' असतो, लाटेला तो नसतो. दुसरा भुलभुलैया त्या कमानीचा. दुसरा सूर दोन सप्तकं वरचा असल्यामुळे स्वर बरोबर ओळखला तरी सप्तक चुकू शकतं. बाबांच्या पट्टीचा उपयोग इथे झाला. नक्की काय कानावर पडतंय ते आधीच ठाऊक होतं.

पण या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. जॅक्सनसमोर त्या सोलोचा कागद नव्हता. त्यानं तो तिथल्या तिथे रचला. कागद नंतर आला, तुमच्या-माझ्यासारख्यांनी केलेला. मुंबईत मात्र हे सगळं उलटं झालं. आता तिकडेच जाऊ.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांना ऐकणाऱ्यांत मुंबईतले गोवेकर वादक होते. या मंडळींची एक मोठी जमेची बाजू होती. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. म्हणजे कागद वाचायला ते आधीच तयार होते. नवीन होता तो जॅझ, आणि त्याचा सोलो कुठल्या छापील कागदावर नव्हता. तो रेकॉर्डवरून कानानं उचलायचा. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) पुढे चिक चॉकलेट नावानं गाजला आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायला लागले. खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईत आला तो १९६४ मध्ये. तोवर चिकची ती पदवी चांगली जुनी झाली होती. म्हणजे मुंबईच्या जॅझमध्ये अगदी सुरुवातीपासून कानानं उतरवून घेणं आहे.

मग स्वातंत्र्य आलं, गोरा साहेब गेला, आणि १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलांतल्या नाचगाण्याचा धंदा बसला. हे वादक सिनेमाकडे वळले, आणि सिनेमालाही ते हवेच होते. इथे आपला माणूस भेटतो: सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, गाव पुणतांबे, आमच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं गोदाकाठचं. 'अलबेला' (१९५१) मध्ये चिक चॉकलेट आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो. पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ, दोघांनी मिळून भगवानदादांना नाचवलं!

याच जगात लॉर्ड हे पारशी कुटुंब होतं. वडील कावस लॉर्ड ड्रमवाले, बाँगो-काँगोसारखी लॅटिन तालवाद्यं हिंदी सिनेमात रुजवणाऱ्यांपैकी. त्यांची मुलं केर्सी (१९३५–२०१६) आणि बुजी. व्हायब्राफोन दोघंही वाजवायचे. केर्सीचा हात तर कुठल्याही वाद्यावर चालायचा. 'रूप तेरा मस्ताना' (१९६९) मधला अ‍ॅकॉर्डियन त्यांचा, आणि सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईत आणणारेही तेच.

त्या काळच्या गाण्यात व्हायब्राफोन कुठे असतो? बहुतेक वेळा दोन ओळींच्या मधल्या फटीत. गायिका श्वास घेते तेवढ्यात चार स्वर. क्लबमधलं दृश्य, रात्र, आठवण, स्वप्न... की आलाच. ग्लॉकेनश्पील आणि हा वेगळा ओळखायचा तर सोपी खूण: ग्लॉकेनश्पील पोलादी, बराच उंच, टोकदार. व्हायब्राफोन खालचा, गोल आणि डुलणारा.

आता मघाशी म्हटलेली उलटी गोष्ट. हे चार स्वर बहुधा कागदावर होते. संगीतकार चाल द्यायचा, अरेंजर (उदाहरणार्थ शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसूझा) स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक वाद्याचं पान लिहायचा, ती पानं स्टँडवर लागायची आणि ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत सगळा ताफा एकत्र वाजवायचा. टेक ओके झाला की गाणं रेकॉर्डवर, वादक पुढच्या शिफ्टला. आणि पानं? ती जपून ठेवण्याचं कारण कुणालाच नव्हतं. गाणं झालं होतं, पैसे मिळाले होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम चालतोय, लाखो लोक रोज चालवताहेत, पण सोर्स कोड कुणी ठेवलाच नाही. आणि कोड लिहिणाऱ्याचं, चालवणाऱ्याचं नावही कुठे नाही. जॅक्सनचा सोलो उतरवताना आपण जे कधीच लिहिलेलं नव्हतं ते लिहितो. मुंबईचा व्हायब्राफोन उतरवताना आपण जे एकदा नीट लिहिलेलं होतं तेच पुन्हा लिहितो. काम दिसायला सारखं, पण दुसऱ्यात एक चुटपुट आहे. हे काम व्हायलाच नको होतं.

नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझरनं ताफ्याची जागा घेतली होती. १९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी 'जनरल मिडी' नावाचं प्रमाण ठरलं. त्यात १२८ आवाजांना क्रमांक दिलेत, १० वर ग्लॉकेनश्पील आणि १२ वर व्हायब्राफोन. आमच्या रांजणगाव फाट्यावरून लग्नसराईत वरात जाते, तिच्यातल्या कीबोर्डवाल्याकडेसुद्धा १२ नंबरला व्हायब्राफोन असतोच. खरं वाद्य त्यानं आयुष्यात बघितलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर बजाजनगरात बसून मीही ते फक्त व्हिडिओतच पाहिलंय.

हल्ली एआयवाली सॉफ्टवेअर आलीत, जुनं गाणं टाकलं की वेगवेगळे भाग करून देतात. नेहमीचे डबे चार: गाणारा आवाज, ड्रम, बेस आणि 'इतर'. जुन्या गाण्यात आवाज बाजूला होतो हा मोठाच फायदा, माझं निम्मं काम वाचतं. पण व्हायब्राफोन सापडतो तो कुठे? 'इतर'मध्ये. सतार, व्हायोलिन, बासरी, अ‍ॅकॉर्डियन सगळे त्याच डब्यात. सिनेमाच्या पाट्यांमध्ये तरी 'इतर' होतं का, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

माझ्याकडे एक साधी स्प्रेडशीट आहे. गाणं, साल, किती मिनिट किती सेकंदाला, स्वर आणि शेवटचा रकाना वादक. स्वरांचा रकाना भरत चाललाय. शनिवारी तीन-चार तास बसलं की आठ-दहा बार हमखास होतात. वादकाचा रकाना मात्र कान कितीही ताणला तरी भरत नाही. कागदावर काय वाजलं ते येतं, कुणी वाजवलं ते येत नाही. लायटरच्या धूनपुढे मी 'केर्सी लॉर्ड' लिहू शकलो ते माझ्या कानामुळे नाही, कुणीतरी त्यांना वेळेत विचारलं म्हणून. ग्रेगरी बूथ नावाचे एक प्राध्यापक मुंबईत येऊन या म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन बसले आणि 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक २००८ मध्ये लिहिलं. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आलं २०१२ मध्ये. त्याच २०१२ मध्ये अँथनी गोन्साल्विस गेले. हो, तेच, 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात ज्यांचं नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी घातलं ते. २०१६ मध्ये केर्सी लॉर्ड गेले. म्हणजे स्वर उतरवायला आपल्याकडे पुढची पन्नास वर्षं आहेत, रेकॉर्ड कुठे पळून जात नाही. नावं विचारायला तेवढी नाहीत.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या नात्यात, शेजारात, सोसायटीत कुणी सिनेमाच्या ताफ्यात वाजवलेलं असेल, भले कोरसच्या मागच्या रांगेतलं व्हायोलिन का असेना, तर या रविवारी त्यांच्याकडे चहाला जा. मोबाइलवर एखादं जुनं गाणं लावा आणि फक्त एवढंच विचारा की काका, हे कोण वाजवतंय? जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. आणि माळ्यावर पाच रेघांच्या पिवळ्या पानांचा गठ्ठा दिसला तर कृपा करून रद्दीवाल्याला देऊ नका. वाचता येत नसेल तर नुसते फोटो काढून ठेवा, वाचणारा मिळेल.

मी चाललो. 'बॅग्ज ग्रूव्ह'च्या दुसऱ्या टेकचं तिसरं आवर्तन अजून राहिलंय.